टेन्शनवर उपचार: कुठे फुकट, कुठे फी, कुठे फसगत

रात्री दोनला जाग येते. मग घराचा हप्ता, मुलाचे मार्क, आईची शुगर, साहेबांचा तो एक मेल, सगळं एकामागून एक डोक्यात फिरू लागतं. सकाळी पोटात गोळा, दुपारी काही कारण नसताना धडधड. काम चालू आहे, घर चालू आहे, पण जिवाला स्वस्थता नाही. तुमचं असं होत असेल, तर मदत कुठे मिळेल, किती पैसे लागतील आणि कोण तुम्हाला उगाच लुटेल, ते पुढे दिलं आहे. सुरुवात शून्य रुपयांपासून करता येते. बहुतेकांनी तिथूनच करावी.

पहिला फोन १४४१६ ला. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जवळचं सरकारी केंद्र सांगतात. आधार नको, केस पेपर नको. घरात निवांतपणा नसेल तर गच्चीवर जा किंवा गाडीत बसून बोला. अर्धा तास हाताशी ठेवा. काय बोलावं सुचत नाही म्हणून पुष्कळ जण फोन ठेवून देतात. एवढं म्हटलं तरी पुरतं: ‘दीड महिन्यापासून झोप लागत नाही, सतत काहीतरी वाईट होणार असं वाटतं, काय करू?’ पुढचं विचारायचं काम त्यांचं.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर बाकीचा लेख नंतर वाचा. आत्ता १४४१६ किंवा ११२ लावा, नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. घरातल्या कुणाला असं वाटत असेल तर त्याला एकटं सोडू नका.

आधी शरीर तपासा, पण बेताने

धडधड, घाम, हात थरथरणं, वजन उतरणं हे सगळं थायरॉइड वाढल्यामुळेही होतं. रक्त कमी असेल तर थोडं चाललं तरी छाती उडते. दम्याच्या पंपाने आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड वाढते. म्हणून आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं त्यांना सांगा. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची टीएसएच एवढ्या तपासण्या बहुधा पुरतात. खासगी लॅबमध्ये मिळून साधारण पाचशे ते हजार रुपये लागतात. ईसीजी दोनशे ते पाचशेत होतो. छातीतलं दुखणं नवं असेल, सोबत दरदरून घाम असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. १०८ लावा.

यापलीकडे कुणी तीन-चार हजारांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज सुचवलं तर ‘यातली नेमकी कोणती तपासणी माझ्या त्रासासाठी?’ एवढंच विचारा. मेंदूचा एमआरआय आणि ‘ब्रेन मॅपिंग’ यांची रोजच्या चिंतेच्या निदानासाठी गरज नसते. डोकेदुखीचा प्रकार वेगळा असेल, झटके येत असतील, तर ते डॉक्टर ठरवतील, जाहिरात नव्हे.

त्रास किती आहे हे घरीच ढोबळ मोजायचं तर जीएडी-७ ही प्रश्नावली आहे. प्रश्न सात, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. चारपर्यंत किरकोळ, पाच ते नऊ सौम्य, दहा आणि वर असेल तर तज्ज्ञाला दाखवावं, पंधरा आणि वर असेल तर लांबवू नये. हे निदान नव्हे, फक्त चाळणी आहे. प्रश्नावली फुकट मिळते. त्यामुळे सात प्रश्न विचारून ‘सविस्तर रिपोर्ट ४९९ रुपयांत’ म्हणणारी साइट दिसली तर बंद करा.

सरकारी दवाखाना: पैसे नाहीत, पण सकाळ जाते

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. फाटकावरची पाटी बघूनच लोक मागे फिरतात. मागे फिरायचं कारण नाही. ओपीडीत आलेला माणूस चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी घरी जातो. गोव्यात असाल तर बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं, म्हणजे पुण्याचं ससून, मुंबईचं जे. जे., केईएम, सायन, नायर, वरच्या मोफत योजनेत येत नाहीत. तिथे केस पेपरचे आणि तपासण्यांचे थोडे पैसे पडतात. मात्र निवासी डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ हाताशी असल्याने तुमच्याकडे अनेकदा जास्त वेळ दिला जातो.

आधार कार्ड, जुनी कागदपत्रं आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. गोळीचं नाव ‘ती छोटी पांढरी’ असं सांगून भागत नाही. अनेक ठिकाणी दारात क्यूआर कोड लावलेला असतो. केंद्र सरकारचं आभा ॲप फोनमध्ये असेल तर तो स्कॅन करून टोकन मिळतं आणि केस पेपरची रांग वाचते. सोमवार टाळा, सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळा. खिडकी उघडण्याआधी पोचा. मानसोपचाराची ओपीडी काही ठिकाणी आठवड्यातून ठरावीक दिवशीच असते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा.

एवढं करून डॉक्टरांपुढे तुम्हाला पाच-दहा मिनिटं मिळतील. ती ‘काय सांगू डॉक्टर, सगळंच...’ यात घालवू नका. वहीचं अर्धं पान पुरे. त्रास कधीपासून, झोप किती तास, चहा-दारू-तंबाखू किती, घरात कुणाला असा त्रास होता का, कशाने वाढतो. खाली दोन प्रश्न: हे बरं व्हायला किती दिवस, आणि गोळीशिवाय काय करता येईल. ते पान सरळ टेबलावर ठेवा.

खर्च इथेही असतोच, फक्त पावतीवर येत नाही. गाडीभाडं आणि अर्ध्या दिवसाचा खाडा धरा. शिवाय एखादी गोळी स्टोअरमध्ये संपलेली असते आणि ‘बाहेरून घ्या’ म्हणतात. तेव्हा ‘इथे मिळेल असं दुसरं काही चालेल का?’ हे उठण्याआधी विचारा. खिडकीवर जाऊन परत आत येणं अवघड असतं.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर ईएसआयसीच्या दवाखान्यात तुमचा आणि कुटुंबाचा उपचार होतो. पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ आहे का बघा. मोठ्या कंपनीत असाल तर एचआरला ‘एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम’ आहे का विचारा. पुष्कळ कंपन्या दरवर्षी काही सेशनचे पैसे भरतात आणि ती सेशन वापरली जात नाहीत. ऑफिसला काय कळवलं जातं, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

खासगीत कोणाकडे जाता, ते आधी बघा

तीन वेगळी माणसं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, गोळ्या लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाही, बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते आणि ती नोंदणी परिषदेच्या साइटवर तपासता येते. तिसरा समुपदेशक. यांत एमए होऊन पुढे नीट प्रशिक्षण घेतलेली उत्तम माणसं आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून ‘माइंड कोच’ झालेलेही आहेत. पाटी दोघांचीही सारखीच चकचकीत. शिक्षण काय, कुठून, आणि अडचणीच्या केसमध्ये तुम्ही कोणाचा सल्ला घेता, हे फोनवरच विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. ‘शंभर टक्के गॅरंटी, एका सेशनमध्ये भीती गायब’ असं ऐकू आलं तर तिथेच थांबा.

फी शहरागणिक बदलते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट साधारण तीनशे ते आठशे, पुण्या-मुंबईत आठशे ते अडीच हजार. पुढच्या भेटीला बहुधा कमी, पण सवलत ठरावीक दिवसांतच लागू असते. आठवड्याची की पंधरा दिवसांची, ते विचारा, नाहीतर सोळाव्या दिवशी पुन्हा पूर्ण फी. समुपदेशनाचं पाऊण ते एक तासाचं सेशन सातशेपासून तीन हजारांपर्यंत.

आता गुणाकार करा. चिंतेवर सगळ्यात जास्त वापरली जाणारी, बोलून उपचार करण्याची पद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी). साध्या त्रासाला साधारण सहा ते बारा सेशन धरतात. दीड हजाराने दहा सेशन म्हणजे पंधरा हजार. ही रक्कम आधीच मनाशी ठरवलेली बरी, नाहीतर चौथ्या सेशनला पैसे अंगावर येतात, उपचार अर्धवट सुटतो आणि आधीचे सहा हजारही वाया जातात. ‘माझं बजेट एवढं आहे, त्यात काय बसवता येईल?’ हे पहिल्या भेटीत बोला. पहिली चार दर आठवड्याला, पुढची पंधरा दिवसांनी, असं बसवता येतं. ट्रस्टच्या संस्थांत सवलतीची फी असते, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांत शिकाऊ समुपदेशक वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी फीत बसतात. रोजच्या टेन्शनसाठी तो वाईट सौदा नाही. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही मराठीत काम करणारी जुनी संस्था आहे.

दहा-वीस सेशनचं पॅकेज ‘आज भरलं तर तीस टक्के सूट’ म्हणून गळ्यात मारलं जातं. दोन भेटींआधी पॅकेज घेऊ नका, कारण समोरच्या माणसाशी तुमचं जमेल का हे दोन भेटींनंतरच कळतं. पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी लागते, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे आणि तो वाजवीही आहे, पण तुम्हाला माहीत हवा. मानसशास्त्रीय चाचण्यांचे पंधराशे ते पाच हजार वेगळे लागतात. चाचणीने उपचारात नेमका काय फरक पडेल ते विचारा. सर्टिफिकेटचे पैसे वेगळे. पावती प्रत्येक वेळी घ्या, रोख दिले तरी.

मेडिकलवरची गोळी

सगळ्यात स्वस्त दिसणारा आणि सगळ्यात महाग पडणारा रस्ता हा. शेजारच्या काकांना ‘झोपेची’ गोळी चालू असते, ते पत्तीतून दोन काढून देतात. पहिल्या रात्री छान झोप लागते. मग तुम्ही ओळखीच्या मेडिकलवर जाता, पाकीट पुढे करता आणि पोरगा काही न विचारता पत्ती कापून देतो.

त्या पाकिटाकडे एकदा नीट बघा. अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम असं नाव असेल, लाल चौकटीत इशारा असेल. ही एच-वन यादीतली औषधं. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे आणि विकलेल्या प्रत्येक पत्तीची नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची असते. कारण साधं आहे: या गोळ्यांची सवय लागते. काही आठवड्यांत तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते आणि अचानक सोडली तर बेचैनी दुप्पट होते, क्वचित झटकेही येतात. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. डॉक्टरही या गोळ्या लिहितात, पण थोड्या दिवसांसाठी. म्हणून चिठ्ठी हातात पडली की ‘यातली सवय लागणारी कोणती आणि ती कधी बंद करायची?’ हे विचारा आणि तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्या. आधीच बरेच महिने घेत असाल तर हा परिच्छेद वाचून आज रात्री बंद करू नका. डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन ही वेगळी. यांची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी जास्तच बेचैनी होऊ शकते. ‘आठ दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून लोक इथेच सोडतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागतात आणि उतरवतानाही टप्प्याटप्प्याने. नामांकित ब्रँडचा खर्च महिन्याला साधारण दीडशे ते पाचशे रुपये. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे अनेकदा निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर सापडतं. सल्ला देणाऱ्याच्याच काउंटरवर मिळणाऱ्या, बाहेर कुठेच न मिळणाऱ्या ‘खास’ पुड्या आणि दोन हजारांचे सप्लिमेंटचे डबे घेऊ नका. अश्वगंधाही ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणून सुरू करू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विमा देतो का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्याच निकषावर धरावा लागतो. कानाला छान वाटतं. तुमच्यासारख्याला मात्र उपयोग थोडा, कारण साध्या पॉलिसीत दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च मिळतो, ओपीडीची फी आणि समुपदेशन नाही. ओपीडी कव्हर वेगळं घेतलं असेल तर त्यात मानसोपचार आहे का ते वाचा. नवी पॉलिसी काढताना एजंट ‘ते गोळ्यांचं लिहू नका’ म्हणेल. लिहा. जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. लपवलं तर उद्या ॲपेंडिक्सच्या क्लेमवेळी भांडण तुमचं, एजंट फोन उचलणार नाही.

फुकटच्या सवयी, आणि विकतच्या

सवयींच्या याद्या सगळीकडे मिळतात आणि कुणीही पंधरा गोष्टी एकदम करत नाही. दोन निवडा, तीन आठवडे नेटाने करा.

चहापासून सुरू करणं सगळ्यात सोपं. ऑफिसातले सहा-सात कटिंग आणि घरचे दोन मोजा. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकराला तुमच्याबरोबर अंथरुणात असतं. दुपारी दोननंतर बंद. एकदम सोडलात तर डोकं दुखेल, म्हणून दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. दुसरं, चालणं. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. त्यासाठी जिमची वर्षाची फी भरू नका. जानेवारीत भरलेल्या फीचं फेब्रुवारीत काय होतं हे जिमवाल्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

काळजीला वेळ ठरवून द्यायचा हा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो, पण सीबीटीत तो शिकवतात. संध्याकाळी वीस मिनिटं वही घेऊन बसा. माझ्या हातातलं एका बाजूला, हातात नसलेलं दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूच्या एका गोष्टीपुढे उद्याचं काम लिहा. दिवसभरात विचार आला की ‘सातला बघू’. झोपण्याच्या वेळेला लागून मात्र नको. धडधड सुरू झाली तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. आणि रात्रीचा पेग झोपेचं औषध नव्हे. झोप लागते, पहाटे तीनला मोडते आणि सकाळची बेचैनी वाढते. पेगावाचून झोपच येत नसेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

इगतपुरीच्या धम्मगिरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर विनाशुल्क असतं, शेवटी दान ऐच्छिक. पण पहाटे चारला उठून दिवसाला सुमारे दहा तास मौनात बसायचं असतं. घाबरण्याचे झटके येत असतील किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका आणि अर्जात खरं लिहा. आधी गल्लीतला योगवर्ग बघा, महिन्याला पाचशे ते दोन हजार.

ध्यानाची ॲप ‘सात दिवस फ्री’ देतात आणि त्यासाठी यूपीआय ऑटोपे मागतात. आठव्या दिवशी वर्षाचे पैसे जातात. ॲप डिलीट केल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती रद्द करावी लागते. पैसे कापण्याआधी चोवीस तास मेसेज येतो, तो वाचत चला.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एवढंच: मराठीतून ऑनलाइन सेशन सहज मिळतात आणि भारतातल्या फीत परवडतात, पण इथल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालेल असं धरू नका. गोळ्यांसाठी तिथलाच डॉक्टर गाठा.

सहा सेशन झाली किंवा गोळी सुरू होऊन दोन महिने झाले आणि काहीच फरक नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. पद्धत बदला, माणूस बदला, त्यात कुणाचा अपमान नाही. जाताना तुमच्या नोंदींची प्रत मागा. २०१७ च्या त्याच कायद्याने त्या मागण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. ती हातात असली तर पुढच्या ठिकाणी त्याच चाचण्यांचे पैसे पुन्हा भरावे लागत नाहीत.